रस्ता ओलांडण्याचा अधिकृत कार्यक्रम

शाळेसमोरच्या चौकात सिग्नल नव्हता, म्हणून रोज सकाळी पावणेआठला तिथे सिस्टर उभ्या राहत. एकतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि वॉर्डातले निम्मे पेशंट या एकाच चौकातून येत, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी आसपासची आठ पोरंपोरी गोळा केली, सगळी चौदा-पंधरा वर्षांची, आणि प्रत्येकाच्या हाती लाल झेंडा दिला. ती पोरं लहानग्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना रस्ता ओलांडून देत. सिग्नलसाठी सिस्टरनी दोन वर्षांत सतरा अर्ज केले होते. सतराही अर्जांची पोच मिळाली होती, कारण पोच देण्यात कार्यालय फार तत्पर होतं.

मागच्या महिन्यात बालवाडीतल्या एका मुलीला गाडीचा धक्का लागला आणि तिचा पाय मोडला. सिस्टरच्या जिवाला घोर लागला. अठरावा अर्ज लिहायला त्या बसल्या, तोच पत्र आलं. ज्यांचा चेहरा प्रत्येक भिंतीवर होता ते मोठे साहेब, या मुलांचं कौतुक करायला जातीने येणार होते.

"खड्ड्यात गेले अर्ज!" सिस्टर पोरांना म्हणाल्या. "आता तोंडावरच सांगते त्यांना."

दुसऱ्या दिवशी शिष्टाचार अधिकारी फाइल घेऊन हजर झाले.

"साहेब नऊ वाजून दहा मिनिटांनी उत्स्फूर्तपणे रस्ता ओलांडतील," ते म्हणाले. "उत्स्फूर्ततेच्या तीन तालमी होतील. तुम्हाला एक वाक्य बोलता येईल. ते आधी लेखी द्यायचं."

सिस्टरनी लिहून दिलं, 'साहेब, इथे पोरांचे पाय मोडतात, सिग्नल बसवा.' चार दिवसांनी ते छाननी होऊन परत आलं. 'पाय मोडतात' हा मजकूर नकारात्मक म्हणून वगळला होता. 'पोरांचे' गेलं, कारण अल्पवयीनांच्या उल्लेखाला पालकांची संमती जोडलेली नव्हती. 'सिग्नल बसवा' ही साहेबांना आज्ञा ठरत होती.

"मग उरलं काय?" सिस्टरनी विचारलं.

"'साहेब, इथे.' सुटसुटीत झालंय," अधिकारी म्हणाले. "पुढे आभार जोडा हवं तर."

मग तालमी सुरू झाल्या. झेंड्यांच्या काठ्या हत्यार ठरून जमा झाल्या, त्यामुळे पोरं नुसती फडकी धरून उभी राहिली. पोरांतला सगळ्यांत उंच, लंबू, साहेबांपेक्षा चार बोटं उंच भरला, म्हणून त्याला गुडघे वाकवून चालायचा सराव देण्यात आला. सुरक्षेसाठी चारही बाजूंनी रस्ता बंद झाला. तेव्हा जिला सगळे वकीलबाई म्हणत त्या पोरीनं तोंड उघडलं.

"गाड्याच नाहीत, तर साहेबांना आम्ही कशातून पलीकडे न्यायचं?"

अधिकाऱ्यांनी तिच्या नावापुढे 'स्वभाव प्रश्नार्थक' असं नोंदवून तिला मागच्या रांगेत टाकलं. प्रश्न मात्र त्यांनी वर पाठवला, कारण तो बिनतोड होता. वरून एक गाडी मंजूर झाली. सुरक्षेच्या कारणास्तव तिचं इंजिन काढून घेतलेलं होतं. आत एक कर्मचारी बसवला आणि त्याला घाईत दिसण्याचे लेखी आदेश दिले. चार हवालदारांनी ती गाडी ढकलत आणून चौकात उभी केली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी साहेब आले. पोरांनी फडकी दाखवली, न चालणारी गाडी थांबली, आणि साहेबांनी दोन पोरांचे हात धरून मोकळा रस्ता जपून ओलांडला. टाळ्या पडल्या. साहेबांनी सिस्टरपुढे हात केला. सिस्टरनी सवयीनं थेट मनगट धरलं, नाडी बघतात तसं, आणि सोडलं नाही.

"साहेब, इथे पोरीचा पाय मोडलाय. ही पोरं माझी आहेत, उद्या यांचे मोडतील. मला रात्र रात्र झोप नाही. सिग्नल द्या."

अधिकारी पांढरेफटक पडले. साहेबांचे मात्र डोळे भरून आले. ते त्यांना हवे तेव्हा भरून येत.

"ताई," ते कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "ज्या चौकात अशी मुलं आहेत, तिथे लोखंडाचा खांब कशाला हवा? हीच आपले सिग्नल!"

टाळ्या थांबेचनात. आठवड्याभरात 'जिवंत सिग्नल योजना' जाहीर झाली. शहरातले अकरा चालू सिग्नल स्वयंसेवेत अडथळा आणतात असं आढळल्यानं उपटण्यात आले. तिथे पोरं पुरवण्याची मानद जबाबदारी सिस्टरवर आली. अठराव्या अर्जाची पोचही मिळाली, अर्ज दिलेलाच नसताना.

सोमवारी चौकात पुन्हा इंजिनवाल्या गाड्या धावू लागल्या. झेंड्यांच्या काठ्या अजून ताब्यातच होत्या. पावणेआठला एक गाडी करकचून थांबली, लंबूच्या पोटरीपासून वीतभर अंतरावर. सिस्टर धावत गाडीपाशी आल्या. काच खाली झाली. आतल्या गृहस्थांच्या हातात मोबाइल होता, आणि मोबाइलवर साहेबांचा सिस्टर आणि पोरांसोबतचा फोटो.

"अहो, या तुम्हीच ना?" ते हरखून म्हणाले. "आत्ताच बघत होतो, गाडी चालवता चालवता. डोळ्यांत पाणी आलं हो! लगेच लाइक केलं."

"सिग्नलच्या अर्जावर सही कराल?" सिस्टरनी विचारलं.

"करू की, कधीतरी. पण आता या पोरांना जरा पटापट हलवा ना, मला उशीर होतोय."

गृहस्थ दुष्ट नव्हते. तुमच्याआमच्यासारखेच होते, फक्त घाईत होते. वकीलबाईनं त्या संध्याकाळी फोटो ज्यांना आवडला त्यांची अख्खी यादी वाचून काढली आणि सह्यांच्या कागदाशी ताडून पाहिली. यादीत तिला तुमचं नाव सापडलं. कागदावर नाही सापडलं.