चार पट्ट्या, एक कळशी

"पाणी टाकल्याबिगर दगडाचा रंग कळत न्हाई, बघा," साहेबराव मेस्त्री बोलून गेला, आणि महानंदाचा जीव अंगणातल्या कळशीत अडकला.

कळशी शिवलीलाच्या आंघोळीची होती. अकरा महिन्यांच्या लेकीचं आज सकाळीच जावळ काढलं होतं. मानेवर, कानामागं, दंडाच्या वळ्यांत बारीक केस चिकटलेले. पोर रडून रडून लाल झालेली. "न्हाऊ घातल्याबिगर तिला उंबऱ्याच्या आत आणू नको," सासूबाईंनी, रत्नम्मांनी, आतूनच बजावलं होतं. टँकर येऊन तीन दिवस झाले होते, पुढचा यायला आणखी पाच. पिण्याच्या पाण्यावर रत्नम्मांचा पहारा. म्हणजे आंघोळीला ही एकच कळशी. आणि पोरीला जिथं बसवायचं, त्या न्हाणीच्या दगडावर नेमक्या चार पट्ट्या मांडलेल्या.

लातूर जिल्हा झाला त्याला चार वर्षं झाली होती, आणि पोटभर पाऊस झाल्यालाही जवळपास तेवढीच. नवऱ्याला, बसवराजला, त्यातली पहिलीच गोष्ट दिसायची. तो नव्या कचेरीत कारकून. साहेबांच्या बंगल्यावर फाईल द्यायला गेला, तिथं हात धुताना पांढऱ्या टाइला बघितल्या आणि घरी येऊन म्हणाला, "आपल्याला बाथरूम करायचं." टाइला छातीपर्यंत लागणार, वर चुना. मधली उघडी कड झाकायला चार बोटं रुंद दगडी पट्टी. एवढ्याशा पट्टीपायी पंधरा दिवस घर अडून बसलं होतं. आज साहेबरावनं वीत-वीतभर लांबीचे चार नमुने आणले. चारी शहाबादीच, पण रंग वेगवेगळा, असं दुकानदाराचं म्हणणं. कोरड्या दिसायला चारीही चुलीतल्या राखेसारख्या.

"आप्पा, ह्यातली कुठली?" बसवराजनं वडलांना विचारलं.

मडिवाळप्पांनी चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेलं. त्यांनी लुगड्याचा पोत बघावा तशी पट्टी अंगठ्यानं चोळली. "कापड वाळल्यावर खरा रंग सांगतं. दगडाचं उलटं हाय म्हणतोस?"

"उलटंच हाय, आप्पा," साहेबराव म्हणाला.

"मग टाक पाणी."

"मामंजी, पोरीचं पाणी हाय ते," महानंदा हळूच म्हणाली.

"तांब्याभर गं. सगळं कुठं मागलालो?"

तांब्या पडला आणि दगड जागे झाले. एक काजळासारखा काळा, एक हिरवा, एक पारव्याच्या मानेसारखा निळा, एक तांबूस. बऱ्याच महिन्यांत एवढे रंग कुणी एका जागी बघितले नव्हते.

"काळी घ्या," मडिवाळप्पा म्हणाले. "मळ दिसत न्हाई."

"साहेबाकडं हिरवी हाय," बसवराज म्हणाला.

"तुझा साहेब येणारंय का आपल्या न्हाणीत?"

बापलेकाचं मिटायच्या आत एप्रिलच्या उन्हानं दगड वाळवून टाकले. दुसरा तांब्या पडला.

एवढ्यात शेजारचे शंकरप्पा भिंतीवरून डोकावले. "काय करलालाव मंडळी?" भिंतीला वळसा घालून ते दारातून आत येईपर्यंत पट्ट्या परत राखेच्या झाल्या. पाहुण्याला कोरडा दगड कसा दाखवायचा? तिसरा तांब्या. शंकरप्पांनी डोळे बारीक केले. "उन्हात काय बघता, येड्यावानी? न्हाणी काय उन्हात आसती का?" ह्या शहाणपणापुढं कुणाचं चालेना. पट्ट्या उचलून नव्या न्हाणीघरात नेल्या, तिथं रचून ठेवलेल्या टाइलांशेजारी धरल्या, चौथा तांब्या मारला, आणि मग परत जागेवर आणून मांडल्या.

महानंदा पोरीच्या मानेवर फुंकर घालत बसली होती. तांब्या कळशीत बुडायचा आवाज दर खेपेला खोल खोल जात होता. "एवढा दगड मोकळा करा की," ती दोनदा म्हणाली. "दोनच मिनिटं," दोनदा उत्तर आलं.

शेवटी रत्नम्माच बाहेर आल्या. "मला कुणी इचारलं का? घासायला कोण हाय ती पट्टी, तुमचा साहेब?" त्यांच्यासाठी पाचवा तांब्या. त्यांनी एका नजरेत फैसला केला. "ती तिसरी." सगळ्यांनी माना हलवल्या. तिसरी म्हणजे तिसरी. साहेबराव बिडी ओढायला रस्त्यावर गेला. रत्नम्मांनी नातीसाठी जागा हवी म्हणून पट्ट्या उचलल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या.

साहेबराव परत आला. "कुठली म्हणलाव?"

"तिसरी."

"कुण्या बाजूनं तिसरी, अव्वा?"

रत्नम्मांनी भिंतीकडं बघितलं. चार राखाडी पट्ट्या गरीब चेहरा करून उभ्या होत्या. मडिवाळप्पांनी एक दाखवली, बसवराजनं दुसरी. शंकरप्पांनी खात्रीनं तिसरीच दाखवली.

"पाणी टाकून बघा," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांच्या नजरा कळशीकडं वळल्या. तळाला दोन तांबे उरले असतील-नसतील.

महानंदा उठली. वाद घालायचं बळ तिच्यात नव्हतं. "टाकते," ती म्हणाली. "मीच टाकते."

तिनं मोठी परात आणली, चारी पट्ट्या एकाला एक लावून परातीत आडव्या ठेवल्या आणि त्यांवर शिवलीलाला बसवलं. साबणाचा हात फिरवला. मग कळशी वाकडी करून बारीक धारेनं उरलंसुरलं पाणी तिच्या गोट्यावर सोडलं. पाणी डोक्यावरून मानेवर, मानेवरून पाठीवर, पाठीवरून दगडांवर आलं. पाच मोठी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून परातीत वाकली. ती दगड बघत होती. पोरीकडं एकटी महानंदा बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा शिवलीला हसली आणि तिनं परातीत चापट मारली.

"हीच! निळी हीच!" रत्नम्मा ओरडल्या. साहेबरावनं झटकन खिळा काढून पट्टीवर फुली ओढली. सगळ्यांनी श्वास सोडला.

"चला, मेस्त्री," बसवराज ऐटीत म्हणाला. "आता लावा."

"लावतो की. टाइला भिजवायला घमेलंभर पाणी द्या. कोरड्या टाइलाला सिमिट धरत न्हाई."

कळशी पालथी पडली होती.

"मग हे आधी सांगायचं न्हाई का?" बसवराज.

"तुमी पट्टीचं इचारलाव. टाइलाचं कुठं इचारलाव?"

महानंदानं लेकीला पदरात गुंडाळलं आणि पायानं परात साहेबरावकडं सरकवली. तळाशी गढूळ पाणी, त्यावर फेस, फेसात जावळाचे बारीक केस.

"ह्यात किती भिजतील?"

साहेबरावनं बोट बुडवून अंदाज घेतला. "चार."

"मग चार लावा," ती उंबरा ओलांडता ओलांडता म्हणाली. "बाकीच्या तिच्या पुढच्या आंघोळीला."

मागं परातीबाहेर काढून ठेवलेली फुलीची पट्टी कडेकडेनं वाळायला लागली होती.