एक पूर्णांक सात टक्के

"त्यात काय एवढं? भाडं भागिले किंमत! पाच मिनिटांत सांगतो!" असं म्हणून चित्रकलेच्या मास्तरांनी कागद पुढ्यात ओढला. बायकोनं पोटाला चिमटा काढून साठवलेल्या पैशांतून एक छोटा फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यानं द्यायचा, असा बेत होता. भाड्यातून वर्षाला किंमतीच्या किती टक्के सुटतात ते काढून, फ्लॅट परवडतो की नाही, ते दलालाला संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

पहिल्यांदा उत्तर आलं अर्धा टक्का. दुसऱ्यांदा सहा. तिसऱ्यांदा बहात्तर! महिन्याचं भाडं आपण बारानं गुणलं, गुणलंच नाही की दोनदा गुणलं, हेच मास्तरांना आठवेना. डोक्याचा पार भुगा झाला.

"भावोजी, आधी एखाद्या ओळखीच्या घरावर करून बघा," मेहुण्यानं फोनवर सुचवलं.

ओळखीचं घर म्हणजे राहतं घर! तेही भाड्याचंच. मालक वरच्याच मजल्यावर राहायचे. देवमाणूस! अकरा वर्षांत त्यांनी भाडं एका पैशानं वाढवलं नव्हतं, म्हणून तर चार पैसे गाठीला पडले होते. नेमके तेच शिडी मागायला खाली आले.

"या काका, बसा! तुमचं घर साठ लाखांचं धरू. वर्षाचं भाडं एक लाख वीस हजार. त्यातून घरपट्टी, डागडुजी वजा... एक पूर्णांक सात टक्के!"

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"वाईट? अहो, बुडालात तुम्ही!"

बायको जोरात खोकली.

"पाणी पी गं," मास्तर म्हणाले.

तिनं डोळे वटारले.

"आता डोळ्यात काय गेलं?"

"मग मी करू तरी काय?" काका रडकुंडीला आले.

"भाडं दुप्पट करा, नाहीतर घर विकून मोकळे व्हा!" वर्गात उभं असल्यासारखं मास्तरांनी ठणकावलं. आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"थांबा काका, चुकलं असणार! माझं गणित पहिल्यापासून कच्चं!"

घाईघाईनं त्यांनी पुन्हा मांडलं. एक पूर्णांक सात. बायकोनं मांडलं. एक पूर्णांक सात! मेलं आजच कसं बरोबर येत होतं कोण जाणे.

"छे छे, विकत नाही हो. तुम्ही बिचारे जाल कुठं?" काका मायेनं म्हणाले. "आपण दुप्पटच करू." त्यांनी कागदाची नीट घडी घालून ती खिशात ठेवली आणि दारातून मागे वळून म्हणाले, "नवा फ्लॅट घेतलात ना मास्तर, की भाडेकरू तुमच्यासारखाच हिशेबी बघा हं. माझं नशीब थोर, मला आयता मिळाला!"