गायकवाड काकांना लिफ्ट

गायकवाड काकांना लिफ्ट द्यायच्या भानगडीत पडू नका. मी पडलेलो आहे. डोंबिवलीत आमच्या सोसायटीबाहेरच्या बसस्टॉपवर ते भर उन्हात उभे होते, म्हणून मी गाडी थांबवून काच खाली केली. ते खिडकीशी वाकले. मला वाटलं, बसतायत. तर म्हणाले, "अरे, ही जागा बसची आहे. आधी गाडी पुढे घे!" मागे बस हॉर्न वाजवत होतीच. काकांनी माझ्या वतीने ड्रायव्हरची माफी मागितली आणि बसमध्ये चढून निघून गेले.

हे आमचे शेजारी. काकू गेल्या आणि त्याच वर्षी काकांनी गाडी विकली. एक ओरखडा नसलेली गाडी! "सुटलो रे बाबा," म्हणाले आणि तेव्हापासून आम्हाला सोडवायच्या मागे लागले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून आमची हमरीतुमरी चाललेली असते, तेव्हा हे कोपऱ्यात शेंगदाणे खात "विका रे, विका" करतात. माझ्या मेव्हण्याने टिटवाळ्याला फ्लॅट घेतला. आम्ही बाल्कनीचं कौतुक करत होतो. काका खाली जाऊन स्टॉप शोधून आले आणि भर पाहुण्यांत म्हणाले, "घर बरं आहे, पण बस लांब पडते." मेव्हण्याचा चेहरा बघवत नव्हता.

इथवर मी सहन केलं असतं. पण माझ्या मुलीचं लग्नही यांनी बसमध्येच जमवलं. ठाण्याच्या बसमध्ये शेजारी एक बाई बसल्या होत्या. शीळफाट्याला ट्रॅफिक हलेना, म्हणून गप्पा लांबल्या आणि बाईंचा मुलगा, त्याची नोकरी, त्याचा स्वभाव सगळं निघालं. मुलगा खरंच सोन्यासारखा आहे, त्यामुळे मला बोलायची सोय राहिलेली नाही.

साखरपुडा ठाण्याला होता. आदल्या दिवशी मी काकांना अक्षरशः हात जोडले. "उद्या एक दिवस गाडीतून चला. पुढची सीट तुमची."

"पुढची? नको, नको. मी बसने येतो."

"काका, उशीर होईल!"

"बस येतेच रे. न येऊन जाते कुठे?"

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. बुद्धमूर्तीला फुलं वाहून झाली, मेणबत्त्या मांडून झाल्या. मुलाची आई म्हणाली, "काका आल्याशिवाय वंदना सुरू करायची नाही. त्यांनीच जमवलंय." बौद्धाचार्यांना पुढे कल्याणला एक लग्न लावायचं होतं. ते माझ्याकडे बघत होते, मी दाराकडे. फोन लावला तर काका म्हणाले, "एक आजी चुकीच्या बसमध्ये बसल्यात रे. त्यांना बरोबर बसमध्ये बसवतो नि येतो."

मुलगी रडकुंडीला आली. बौद्धाचार्य उठून चपला शोधायला लागले, तेव्हा काका घामाघूम होऊन हसत हसत आत शिरले. सोबत बसमधले दोन अनोळखी गृहस्थ! "म्हटलं, जेवण आहेच," काका म्हणाले.

कार्य पार पडलं. संध्याकाळी सगळे गाडीकडे निघाले आणि काका स्टॉपकडे. माझं डोकंच सटकलं. बायकोच्या हातात चावी दिली, "तुम्ही व्हा पुढे" म्हटलं आणि तावातावाने त्यांच्या मागे गेलो.

"काका, आज पोरीचा साखरपुडा राहिला असता! एक दिवस गाडीत बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

काका ओशाळले. "चुकलंच माझं," म्हणाले. मग रस्त्याकडे बघत बोलले, "ती गेल्यावर थोडे दिवस गाडी चालवली मी. आम्हाला गाडीत बोलायची सवय होती ना. सिग्नलला थांबलो की बोलून जायचो, आणि बघतो तर बाजूची सीट रिकामी. बसमध्ये कोणी ना कोणी येऊन बसतंच रे."

मी भांडायला आलो होतो. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, आणि मला हे माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं.

बस आली. काका चढले. मीही चढलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. कंडक्टर आला तसा मी खिशात हात घातला. काकांनी तो घट्ट धरून ठेवला.

"दोन डोंबिवली," ते म्हणाले. कंडक्टरने ऐकलं होतं, तरी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाले, "दोन."