दोन सुतांची हद्द

आमच्या आळीत पोस्टमन शिरला की त्याच्यामागे दहा पावलांवर बापूकाका शिरत. हातात कात्री, खिशात सहा इंची पट्टी. पत्र कोणाचं, घरी सगळे बरे ना, असलं काही ते विचारत नसत. प्रश्न एकच, "तिकीट चिकटवलेलं की छापील?"

चिकटवलेल्यात त्यांना रस नव्हता. "तो पोरखेळ. पाण्यात टाकलं की सुटतं." पोस्टाच्या पाकिटावर किंवा निळ्या अंतर्देशीय पत्रावर कोपऱ्यात छापलेलं असतं ते तिकीट त्यांना हवं असे. ते सुटत नाही, कापावं लागतं. कापताना चारही बाजूंना दोन सूत, म्हणजे पाव इंच कागद सोडायचा. कमी नाही, जास्त नाही. बापूकाका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तालुक्यातले निम्मे बांध त्यांनी साखळी टाकून मोजले होते. "हद्द राखायची" हा त्यांचा मंत्र. पंक्तीत वाढप्यालाही ऐकवत, "मेल्या, आमटी भाताच्या हद्दीत येतेय!"

मी याद्या करणारी बाई. माझ्या वहीत बापूकाकांच्या नावाखाली दोन कलमं होती: पत्र आधी वाचणे, मग देणे. पण एकदा माझ्या नणंदेचं लांज्याहून अंतर्देशीय आलं तेव्हा मी चुलीपाशी होते, आणि ह्यांनी ते उघडून, न वाचताच बापूकाकांपुढे धरलं. तिकीट कापून घेऊन ते पुतण्याकडे सावर्ड्याला निघून गेले. मी पत्र वाचायला घेतलं तर, 'मंगळवारी', मग चौकोनी खिडकी, मग 'च्या गाडीने येते'. वेळ नेमकी तिकिटाच्या पाठीवर गेलेली! हे सकाळपासून एस.टी. स्टँडवर बसून राहिले. नणंद उतरली दिवेलागणीला.

बापूकाका परतल्यावर मी त्यांना चार शब्द सुनावले.

"वेळ माझ्या हद्दीत आली, त्याला मी काय करू?" म्हणाले, पण घरी जाताना चेहरा वेगळाच होता. नंतर महिनाभर ते पोस्टमनच्या मागे दिसले नाहीत. मला वाटलं, रागावले.

तेवढ्यात आमच्या वाचनालयाने तिकिटांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मी चिटणीस. पहिलं टेबल बापूकाकांचं, हे सगळे धरूनच चालले होते. त्यांनीही कोट धोब्याकडे दिला होता. मग मुंबईच्या परीक्षकांची नियमावली आली: छापील तिकिटे अख्ख्या पाकिटासह असावीत, कापलेली घेतली जाणार नाहीत.

'बापूकाकांना सांगणे' हे काम मी चार दिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर नेत राहिले. माझ्या वहीत असं कधी झालं नव्हतं. पाचव्या दिवशी गेले.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे, चिटणीसबाई, मी जन्मभर सातबारा फाडला आणि नुसता शिक्का जपून ठेवला?"

"त्यांना तसंच म्हणायचंय."

"बरोबर आहे त्यांचं."

समजूत घालायला मी तीन वाक्यं ठरवून नेली होती. तिन्ही फुकट गेली.

ते उठले, कपाटातून एक वही आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. तिकिटांचे निळे चौकोन ओळीने लावलेले, पण प्रत्येक चौकोन फक्त वरच्या कडेला चिकटवलेला, खिडकीच्या झडपेसारखा.

"उचला."

मी एक उचलला. पाठीवर शाईचं गोल, शाळेतलं अक्षर: 'ओले कपडे'. दुसऱ्यावर 'मुलांनी आज'.

सुमतीकाकींचं अक्षर. काकी पोफळीच्या कॉलनीत शिक्षिका होत्या. नऊ वर्षं त्या तिथे आणि काका इथे. बुधवारी पत्र यायचं, शनिवारी काकी. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

"बाकीची पत्रं?"

"बंबात घातली. तिकीट कापलं की बाकीचं बंबात. शनिवारी ती स्वतःच यायची, मग कागद ठेवायचा कशाला?" त्यांनी चष्मा पुसला. "तुमच्या नणंदेच्या गाडीची वेळ कापली गेली ना, त्या दिवशी प्रथम डोक्यात आलं, की यांनाही पाठ असेल. सगळी घट्ट चिकटवलेली. महिनाभर वाफेवर धरून एकेक सोडवलं."

मग एक चौकोन त्यांनी स्वतःच उचलला. 'तुम्हाला सांगा'.

"हे बघा. सांगायचं राहिलं? सांगायला लाज वाटते? की नुसतं, सांगायला हवंच असं नाही? दहा तऱ्हांनी जोडून पाहिलं." बोट कागदाच्या कडेवरून फिरत होतं. "कशी सरळ कापलीय बघा. दोन सूत, चोख. चार बोटं सोडली असती तर तेवढं तरी वाक्य मिळालं असतं हो."

शेवटच्या पानावर एक चौकोन वेगळा होता. तो सोडवून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. पाठीवर लिहिलं होतं, 'साडेपाच'.

"ही तुमची गाडी. घेऊन जा."

मला बसवेना. म्हटलं, "बापूकाका, मी परीक्षकांना लिहिते. स्पर्धेत नको, पण एक टेबल तुम्हाला मिळायलाच हवं. मी मिळवते."

"प्रदर्शनात काचेखाली ठेवतात ना?"

"हो. आठ दिवस. कोणी हातसुद्धा लावणार नाही."

त्यांनी पानं मागे उलटली, 'तुम्हाला सांगा'ची झडप एकदा उचलली आणि बोटाने अलगद खाली केली.

"मग नको. उलटायची कशी?"