शेवंतीच्या माजाची आणि कोंडाजीच्या बडतर्फीची हकीकत

श्री. ज्याचें नांव घेतल्यावांचून दऊत उघडत नाहीं त्या गणरायास दंडवत घालून, आणि ज्या मुक्या जीवाचें हें वर्तमान त्याची क्षमा मागून, लेखनास आरंभ केला असे. शके सत्राशें चव्वेचाळीस, चित्रभानु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयीं घाटाखालीं एक लहान राज्य होतें. त्याचें नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. नदीच्या अलीकडे ह्यांचा अंमल आणि पलीकडे दुसऱ्यांचा, इतकें कळलें म्हणजे पुरे. तेथें रायाजीराव सरकार राज्य करीत होते, त्यांच्या पत्नी गहिनाबाईसाहेब, आणि एकच कन्या मथुराबाई, तीस सर्व लोक अक्कासाहेब म्हणत. अक्कासाहेबांनीं एक कुत्री पाळिली होती, रंगानें पिवळी, पाय लांब, कान मऊ, नांव शेवंती. मग त्या मार्गशीर्षांत अक्कासाहेबांचें लग्न दूरच्या राज्यीं जाहलें, आणि थोरलें कुत्रें सासरीं नेण्याची सोय नव्हती, म्हणोन मेण्यांत बसतेवेळीं त्या वडिलांस बोलिल्या, "आबासाहेब, शेवंती आपल्या पदरीं टाकून जातें. तिला पिलें जाहलीं म्हणजे त्यांतलें एक मजकडे पाठवावें. लहान पिलास कोणी नको म्हणणार नाहीं, मी सासूबाईंस विचारून ठेविलें आहे." सरकारांनीं होय म्हटलें, आणि त्यांचे डोळे भरले ते सर्वांनीं पाहिले.

शेवंतीची देखरेख कोंडाजीकडे सोंपविली. कोंडाजी हा शिकारखान्यावरचा मनुष्य, इमानी, वर्षानुवर्षें चाकरीस; परंतु शिकारखान्यांतले कुत्रे सगळे नर, मादी सांभाळण्याचा प्रसंग त्यास कधीं आला नव्हता. मग माघ मासीं शेवंती वारंवार आपलें अंग चाटूं लागली, आणि बैठकीच्या पांढऱ्या चादरीवर रक्ताचे थेंब दिसों लागले. सरकार घाबरले, जखम जाहली म्हणाले. बाईसाहेब हंसून बोलिल्या, "जखम नव्हे. पोर वयांत आली." तरी सरकारांनीं पागेंतील घोड्यांचे वैद्य लतीफमियां यांस बोलाविलें. मियां जाणते, त्यांनीं पाहून सांगितलें, "हा माज. वर्षांतून दोनदां येईल, आणि आमच्या बायकांसारखा वयानें थांबणार नाहीं, मरेपर्यंत येत राहील. हिजपासून वीण घेणें नसेल तर आतांच गर्भाशय काढून टाकावें. माझ्या उस्तादांनीं हें काम मला शिकविलें आहे. ठेविलें तर उतारवयांत तेंच दुखण्याचें घर होतें." सरकार म्हणाले, "अक्कास पिलूं कबूल केलें आहे. तिच्या कुत्रीस सुरी लावणें होणें नाहीं." मियां बोलिले, "मग एक वीण घ्यावी आणि त्यानंतर काढावें. पण माजाचें आणखी ऐकून घ्यावें, सरकार, रक्त दिसणें एक आणि..." तों सरकारांनीं निरोपाचा विडा दिला, आणि मियां विडा घेऊन उठले. पुढें थोड्याच दिवसांत स्वारांची फौज उत्तरेस नेमणुकीवर गेली, तिजबरोबर मियांही गेले, आणि जें सांगावयाचें राहिलें होतें तें राहिलेंच. ह्या एका विड्याचा सरकारांस पुढें फार पस्तावा जाहला.

मग सरकारांनीं घाई केली. शिकारखान्यांतला एकही कुत्रा त्यांच्या मनास येईना. नदीपलीकडचे जयवंतराव यांचेकडे सुलतान म्हणोन एक काळा शिकारी कुत्रा नांवाजलेला होता, तो मोठ्या मिनतवारीनें मागून आणिला. शेवंतीचें रक्त अजून लाल होतें आणि अंग सुजलेलें होतें. सुलतान जवळ आला तों ती दांत काढून उलटली, आणि त्याचा कान फाडला. दुसरे दिवशीं तेंच, तिसरे दिवशींही तेंच. जयवंतरावांची माणसें रागावलीं, कुत्रा घेऊन गेलीं, आणि जातांना बोलून गेलीं कीं तुमच्या कुत्रीस घराण्याची पारख नाहीं. सरकारांचा मोठा हिरमोड जाहला. पुढें रक्त फिकें पडलें, पाण्यासारखें जाहलें, मग दिसेनासें जाहलें. कोंडाजी येऊन म्हणाला, "सरकार, रगत थांबलं. माज सरला. कोंडून कोंडून बिचारी कंटाळली, जरा बागेत सोडू का?" सरकार म्हणाले, "सोड."

आणि तेंच चुकलें. माज सरला नव्हता, माजाची खरी वेळ तेव्हांच आली होती. रक्त लाल असतां मादी नरास हाकलून देते आणि रक्त फिकें पडल्यावर त्यास जवळ करिते, हें त्या दोघांस ठाऊक नव्हतें. बागेच्या दारावर एका पहारेकऱ्याचा लांड्या नांवाचा ठिपक्याठिपक्यांचा, शेपूट तुटलेला कुत्रा बसलेला असे. शेवंती आपण होऊन त्याजकडे गेली, शेपटी एकीकडे करून उभी राहिली, आणि कोंडाजी घागरभर पाणी घेऊन धांवत आला तोंपर्यंत व्हावयाचें तें होऊन गेलें. सरकारांनीं कोंडाजीस फार बोल लाविले, परंतु त्या वेळेस क्षमा केली. मग दोन महिन्यांनीं शेवंती व्याली, आणि पांचही पिलें ठिपक्याठिपक्यांचीं निपजलीं. बाईसाहेबांनीं बाळंतिणीसारखी तिची उस्तवार केली. पिलें दूध तोडतीं जाहलीं तेव्हां सरकारांनीं हुकूम केला कीं हीं डोंगरापलीकडच्या धनगरांस देऊन टाकावीं. बाईसाहेब म्हणाल्या, "आणि अक्काचें?" सरकार बोलिले, "दारावरच्या लांड्याचें पिलूं व्याह्यांच्या घरीं कसें पाठवावें? आमची शोभा होईल. पुढें चांगलें पाहून पाठवूं." बाईसाहेब म्हणाल्या, "अक्कानें रंग कुठें सांगितला होता?" तरी हुकूम फिरला नाहीं. पिलें गेलीं, शेवंती सारा आठवडा वाड्यांतील दालनें हुंगत फिरली, आणि अक्कासाहेबांस निरोप गेला कीं पिलें लाभलीं नाहींत.

त्यावर पुष्कळ वर्षें गेलीं. जयवंतरावांनीं पुन्हां कुत्रा दिला नाहीं, दुसरा मनाजोगा मिळाला नाहीं, आणि गर्भाशय काढण्याची गोष्ट मियांच्या गैरहजेरींत निघालीच नाहीं. दर साहा-सात महिन्यांनीं शेवंती माजावर येई आणि कोंडाजी तिला मागल्या खोलींत कोंडून आपण उंबऱ्यावर घोंगडी टाकून बसे. आतां तो शहाणा जाहला होता. रक्त थांबलें तरी दार उघडीत नसे. बाहेरील कुत्रीं आपण होऊन निघून जात आणि शेवंती खिडकीशीं आलेल्या नरावर गुरगुरूं लागे, तेव्हांच तिला सोडी. एकदां तर असें घडलें कीं कोणत्याही कुत्र्याचें दर्शन नसतां तिच्या सडांस दूध आलें, आणि बाईसाहेबांचे जोडे नेऊन कोपऱ्यांत ठेवून ती त्यांजवर पिलांसारखी निजली. सरकारांनीं कोंडाजीकडे वांकडें पाहिलें. पुढें कांहीं जन्मलें नाहीं, दूध आपोआप आटलें. मादीचें शरीर माजानंतर गाभण नसतांही गाभण असल्यासारखें वागतें हें तेव्हांच समजून घ्यावयाचें, तें कोणीं घेतलें नाहीं. सरकारांच्या मनांत मात्र संशय राहून गेला.

मग शेवंती उतारवयास लागली, तोंडावर पांढरे केंस आले, तरी वैशाखांत माजावर आलीच. माज होऊन महिना-सव्वा महिना लोटला, आणि तिचें पोट जड दिसों लागलें. त्याच वेळीं अक्कासाहेबांचा निरोप आला होता कीं आषाढांत माहेरीं येतें. सरकारांनीं शेवंतीचें पोट पाहिलें आणि प्रथम रागावले, मग तिच्यापाशीं बसून पोटावरून हात फिरविला, आणि त्यांचा राग दुसरीकडे वळला. कोंडाजीस बोलावून विचारिलें, "कोणाचा कुत्रा आंत घेतलास?" कोंडाजी म्हणाला, "कुणाचा बी न्हाई सरकार. दार बंद होतं. माझी घोंगडी उंबऱ्यावर होती." सरकार म्हणाले, "लांड्याच्या वेळींही तूंच होतास." कोंडाजीनें मान खालीं घातली आणि म्हणाला, "तवा माझी चूक झाली, ती कबूल. आता न्हाई झाली." सरकार म्हणाले, "मग हें पोट वाऱ्यानें वाढलें काय? चूक केली त्याची क्षमा आहे, खोटें बोललास त्याची नाहीं. उद्यांपासून चाकरीस येऊं नको." कोंडाजी उभा राहिला, जाईना. मग बोलिला, "जातो. पण सरकार, ही पानी फार पिती. घंगाळ भरलं की रितं करती. आणि खात कायबी न्हाई. गाभण कुत्रीचं असं नसतं. लांड्याच्या वेळेस मी बघितलंय, तवा दुप्पट खायाची. कुणा जाणत्याला दाखवा." सरकारांस वाटलें, हा आपला अपराध झांकण्यास दुखण्याचें निमित्त काढतो. म्हणोन मुजरा न घेतां ते आंत गेले.

आंत गेले आणि कामास लागले. मऊ गोधड्या आणविल्या, बाळंतिणीची खोली सारविली, आणि अक्कासाहेबांस जासूद रवाना केला कीं तुम्ही याल तेव्हां पिलूं तयार असेल, रंग कोणताही असो, तुम्हांबरोबर पाठवूं. इतक्या वर्षांची लाज त्यांस धुवून काढावयाची होती, आणि त्या आनंदांत समोर निजलेलें जनावर त्यांस दिसलें नाहीं. बाईसाहेब एकदां म्हणाल्या, "कोंडाजी म्हणत होता तें खोटें नाहीं. पाणी फार पिते, आणि आतां ओकूनही टाकते. इकडून जरा लक्ष द्यावें." सरकार म्हणाले, "वयाची वीण आहे, जड जाणारच." मग शेवंती उठेनाशी जाहली, नाक कोरडें पडलें, आणि हांक मारली तर नुसता कान हालवूं लागली.

तेव्हां दैवयोगें उत्तरेची फौज परत आली, आणि लतीफमियां म्हातारे होऊन परत आले. बाईसाहेबांनीं धूळ झटकण्याचीही सवड न देतां त्यांस बोलाविलें. मियांनीं गुडघे टेकून शेवंतीच्या पोटास हात लाविला, हिरड्या पाहिल्या, आणि विचारिलें, "माज होऊन किती दिवस जाहले?" सांगितलें. "पाणी?" बाईसाहेब म्हणाल्या, "घंगाळच्या घंगाळ." मियां बोलिले, "सरकार, ह्यांत पिलें नाहींत. गर्भाशय पुवानें भरलें आहे. ज्यांचें काढलेलें नसतें त्यांस उतारवयांत माजानंतर हें होतें. गर्भाशयाचें तोंड मिटलें म्हणजे बाहेर कांहीं दिसत नाहीं, पोट तेवढें वाढतें, आणि घरचे लोक पाळण्याची तयारी करितात." सरकार म्हणाले, "मग आतां काढा. सुरी धरा." मियां म्हणाले, "पंधरवड्यामागें असतों तर धरिली असती. आतां सुरीखालीं जाईल, तिला तो त्रास नको. पाणी फार पिते हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं काय?" बाईसाहेबांनीं शेवंतीचें डोकें मांडीवर घेतलें, सरकार तिच्या पायांशीं बसले, आणि दिवस कलण्याआधीं ती गेली. नवीन गोधड्यांतील एक तिजवर घालून बागेंत तिला पुरली.

मग सरकारांनीं कोंडाजीचा शोध केला. तो नदीकांठीं बहिणीच्या गांवीं शेळ्या राखून होता. सरकार पालखी न घेतां, एका स्वारानिशीं तेथें गेले. कोंडाजी शेळीची धार काढीत होता, त्यानें उठून घोंगडी अंथरिली, आणि सरकारांनीं तोंड उघडण्याआधीं विचारिलें, "सरकार, शेवंतीचं पानी पिनं थांबलं का?"

सरकार म्हणाले, "थांबलें."

कोंडाजीचें तोंड उजळलें. "बरं झालं. मला त्याचाच घोर होता. रोज बहिणीला म्हणायचो..." इतकें बोलून त्यानें सरकारांच्या तोंडाकडे पाहिलें, आणि पुढील शब्द राहिले. शेळी दोरीस ओढ देत होती, ती त्यानें सोडून दिली.

मग सरकार बोलिले, "कोंडाजी, दार बंद होतें हें मला आतां समजलें."

कोंडाजी म्हणाला, "मी तवाच सांगितलं होतं, सरकार." आवाजांत राग नव्हता. सरकार म्हणाले, "परत चल. शिकारखाना तुझा आहे. माझ्याकडून अन्याय जाहला." कोंडाजीनें भुईकडे पाहून सांगितलें, "सरकारांचा अनमान करीत न्हाई. पण तिथं मी येऊन त्या उंबऱ्यावर कसा बसू? आता हितंच बरं हाय." मग त्यानें धारेचें दूध तांब्यांत घालून सरकारांस दिलें, सरकारांनीं तें घेतलें, आणि परत निघाले.

आषाढांत अक्कासाहेब आल्या. सरकारांनीं त्यांस एकान्तीं बसवून पहिल्या पिलांपासून सर्व वर्तमान, कांहीं न गाळतां, स्वमुखें सांगितलें. अक्कासाहेबांनीं ऐकून घेतलें. "पांच होतीं?" इतकेंच विचारिलें. सरकार होय म्हणाले. त्या खेपेस दोन महिने राहावयाच्या होत्या त्या पंधरा दिवसांतच सासरीं गेल्या.

येणेंप्रमाणें हें वर्तमान जाहलें. पुढें त्या राज्यांत मियांनीं दोन माणसें हाताखालीं घेऊन आपलें काम शिकविलें, आणि ज्या कुत्रीपासून वीण घेणें नाहीं तिचें गर्भाशय वेळेवर काढावें अशी चाल पडली, त्यानें पुष्कळ जनावरें वांचलीं. सरकारांनीं नंतर कुत्रें पाळिलें नाहीं. कोणी माजाची कांहीं गोष्ट विचारावयास आला तर त्यास बसवून घेत, आणि त्याचें सांगणें पुरें होईपर्यंत विड्याच्या तबकास हात लावीत नसत.