पाव्हण्याची बिनमागाची बंडी

कापडाच्या बाबतीत मला फसवील असा माणूस केजच्या बाजारात अजून आला न्हाई! आमी कोष्टी. डोळे झाकून काठ चोळला तरी सांगतो, माग कुणाचा आन् विणणाऱ्याचं ध्यान कुठं होतं. ह्ये आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुमी मला येडा म्हणाल.

माझ्या गीताला बघायला उत्तरेश्वर आला, तवा मार्गशीर्षातली थंडी होती. पोरगा आमच्याच जातीचा, पण माग सोडून हैदराबादेला दवाखान्यात चौकीदारी करायचा. संगं त्याची आई, भिवराबाई. पोरगा बोलायला लई गोड. गोड बोलणाऱ्याचा मला आधीच संशय येतो. त्यात त्याच्या अंगात लोकरीची बंडी! बटन न्हाई, बंद न्हाई, तरी अंगाला घट्ट बसलेली. म्या विचारलं, कोणत्या मागावरची?

"मामा, हिला माग लागत न्हाई. दोन सुयांवर म्या सोता विणलीय."

ऐका! ताणा न्हाई, बाणा न्हाई, आन् म्हणं कापड! उभा धागाच नसंल तर आडवा धरणार कशाला? कोष्ट्याच्या घरात बसून जो अशी थाप मारतो, तो हैदराबादेत काय करत असंल? तिथं दुसरं बिऱ्हाड असंल आन् तिथल्या बाईनंच बंडी करून दिली असंल. माझी एकुलती एक लेक, जीव नुसता टांगणीला लागला. चुलीपाशी जाऊन बायकोला, छबूला, सांगितलं. ती म्हणली, तुमाला तर देवळातल्या पुजाऱ्याचाबी संशय येतो.

आमच्यात कापडाची पारख ठरलेली. काठाचा एक धागा काढायचा, पीळ बघायचा. धागा निघतो, कापड हाय तिथंच राहतं. पाव्हणे जेवायला बसले, जेवणानंतर पोरगी बघायची होती. म्या वाढायच्या निमितानं पोराच्या मागं जाऊन टेकलो. बंडीच्या खालच्या काठाला गाठ होती. सोडली आन् हळूच धागा ओढला.

धागा आला. आणखी आला. येतच राहिला! एवढा लांब धागा कुठल्या इमानदार कापडात असतो? माझा संशय पक्का झाला. हात सवयीचा, रिकामी कांडी घेतली आन् गुंडाळायला लागलो. म्हणलं, धागा संपंल तिथं लबाडी सापडंल. भिवराबाई लेकाचे गुण सांगत होत्या, म्या हं हं करत होतो. पोरानं पुढून उपरणं घेतलेलं, त्याला काय दिसणार? बंडी कमरंवरून बरगड्यांवर गेली, बरगड्यांवरून खांद्यावर.

"मामा, पाठीला गार कावून लागायलंय?" पोरानं विचारलं.

भिवराबाईनं मागं वळून बघितलं, मग माझ्या हातातली कांडी बघितली. ताटावरून उठल्याच. जेवत्या पाव्हण्याच्या अंगावरचं वस्त्र उतरवणाऱ्याची पोरगी आमाला नको, म्हणल्या. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. गीतानं खिडकीतून पोरगा बघितला होता आन् तिला तो पसंत होता, ह्ये मला तवा कळलं.

म्या हात जोडले. उद्या दुपारपर्यंत जशीच्या तशी बंडी देतो म्हणलं, तवा कुठं त्या रातीपुरत्या थांबल्या. उत्तरेश्वर काहीतरी सांगायला बघत होता. पण कोष्ट्याला विणकाम शिकवतो का बे, म्हणून म्या त्याला गप्प केलं. मागावर सुताचा ताणा चढलेलाच होता, त्यात त्याच लोकरीचा बाणा मारला. असा ठोकला की पाणीबी गळू नये. छबूनं अंगाबरोबर शिवली, गळा जुन्या बंडीएवढाच.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पोरानं बंडी डोक्यातून घातली. डोकं गळ्यापाशी आलं आन् तिथंच अडकलं. हात वर, तोंड आत! म्या खाली ओढायचो, भिवराबाई वर ओढायच्या. कापड जरा म्हणून ढिल्लं पडंना.

आतून आवाज आला, "मामा, काल त्येच सांगत होतो. सुयांवरच्या कापडात नुसते फासे असतेत, म्हणून ते ताणतं आन् उसवतंबी. मागावरचं ताणत न्हाई."

पटलं मला. पण पोरगा गुदमरायला लागलता! तेवढ्यात गीता कात्री घेऊन धावत आली आन् माझं पाणी न गळणारं कापड गळ्यापासून कमरंपर्यंत टराटरा कापलं. पोराचं डोकं बाहेर आलं, ते नेमकं तिच्या तोंडासमोर. दोघंबी हसायला लागले. पोरगी बघायचा कार्यक्रम आमच्याकडं असा झाला.

भिवराबाईनं दोघांकडं बघितलं. मग छबूला म्हणल्या, "तारीख धरा. ह्या घरातून माझ्या लेकाला सुखरूप बाहेर काढणारी हीच एक दिसती."

लगीन झकास झालं. जावई सणासुदीला येतो, वाकून पाया पडतो. फकस्त जेवायला बसताना पाठ भिंतीला लावतो आन् म्हणतो, मामा, तुमी माझ्यासमोर बसा. हात दिसतील असे.