दार बंद करण्याचा समारंभ

चिंचणीच्या खाडीकाठी सरकारी मत्स्यतळं होतं आणि त्याच्या बांधातलं दार लावणं हे सरकारी काम होतं. १९६३ साली त्या दाराची किल्ली मत्स्यनिरीक्षक काशीनाथ राऊत यांच्या खिशात असे आणि नियम डोक्यात. या दोहोंच्या मध्ये माणूस फारसा उरला नव्हता, असं ते पुढे स्वतःच सांगत.

एका सोमवारी सकाळी बायजा कोळीण कचेरीत शिरली. वीस कोळी घरांनी आठ महिने त्या तळ्यात बोय मासे वाढवले होते. मासे काढायला आठवडा उरला होता.

"सायेब, समुद्रात तांबडं शेवाळ आलंय. किनाऱ्याला मेलेले मासे लागलेत. दुपारची भरती आत शिरायच्या आधी दार लावा."

काशीनाथांनी खिडकीतून पाहिलं. पाणी खरंच तांबडं होतं. हात किल्लीकडे गेलाही, पण नजर बांधावरच्या संगमरवरी पाटीवर अडली. दार नामदारांच्या शुभहस्ते उघडलं होतं. पाटीचा मजकूर काशीनाथांचाच, सोनेरी अक्षरांचा हट्टही त्यांचाच.

"नामदारांनी उघडलेलं दार मी लावू? उपमर्द होईल, बायजाबाई."

"मग कोणी लावायचं?"

"निदान तेवढ्याच दर्जाच्या हातांनी."

वरिष्ठांना तार गेली. उत्तर आलं: दार लावण्यास तत्त्वतः मंजुरी. नामदार शुक्रवारी मोकळे. मंडप घालावा.

तोवर आठ भरत्या आल्या. त्यांना तार मिळाली नव्हती. बायजा पहिले दोन दिवस दाराशी उभी राहिली, तिसऱ्या दिवशी आली नाही. काशीनाथांना ते फार लागलं. इतकं, की त्यांनी एक स्मरणपत्र पाठवलं.

शुक्रवारी मंडप सजला. आशागडहून चिकूच्या करंड्या आल्या. वास दबेना म्हणून उदबत्त्या वाढवल्या. समारंभ बंद करण्याचा असल्यामुळे नामदारांनी फीत कापली नाही, बांधली.

"आता एक थेंबही आत येणार नाही!" ते म्हणाले.

मागून बायजा उठली. "आता आत राखायचं काय हाय, सायेब?"

उत्तर काशीनाथांना ठाऊक होतं. ते पांढरी पोटं वर करून तळ्यात तरंगत होतं. लाजेनं त्यांना तोंड लपवायला जागा सापडेना, म्हणून त्यांनी टाळी वाजवली. पाठोपाठ सगळा मंडप कडाडला.

"पहिली टाळी माझीच," काशीनाथ म्हातारपणी कबूल करत. "पण नंतर त्या मंडपातला जो भेटला तो म्हणाला, मी नाही वाजवली. तुम्हीही तेच म्हणणार ना?"